नेम चुकलेला रंग

रंगाच्या गनचा चाप ओढला की रंगाचा धूर होतो, आणि तो सगळाच्या सगळा समोरच्या पत्र्यावर बसत नाही. कॉम्प्रेसरच्या मोठ्या दाबावर चालणारी जुन्या पद्धतीची गन असेल, तर कपातल्या रंगापैकी जेमतेम २५ ते ४० टक्के कामाला लागतो. बाकीचा पत्र्यावर आपटून उसळतो, कडेने निसटतो, हवेत तरंगतो आणि वारा नेईल तिथे उतरतो. कमी दाबाच्या गन आल्या त्या हे नुकसान आवरण्यासाठीच. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हवा-नियामकांनी गाड्यांच्या रंगकामात किमान ६५ टक्के रंग वस्तूवर पोचलाच पाहिजे अशी अट घातली. म्हणजे एवढ्या कडक नियमातसुद्धा एक तृतीयांश रंग भरकटेल, हे धरूनच चाललेलं आहे.

हा भरकटलेला रंग जातो कुठे, ते पुण्यात नाना पेठेतल्या गॅरेजांच्या गल्ल्यांमध्ये डोळ्यांना दिसतं. मोटरसायकलींच्या टाक्या टांगून रंगवायच्या कोपऱ्यातली भिंत वर्षानुवर्षांच्या रंगांनी फुगलेली असते. मरून, काळा, निळा, पुन्हा मरून. वरून गेलेल्या वायरी मूळच्या जाडीपेक्षा जाड होतात. कॉम्प्रेसरवर, चहाच्या स्टँडवर, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडांवर तीच बारीक, खरखरीत डस्ट. गल्लीतले लोक तिला डस्टच म्हणतात. पेंटरच्या भुवयांवरही ती असते, आणि तो दुपारी जेवायला बसतो तेव्हा पहिल्यांदा पापण्या चोळतो.

असाच भरकटलेला रंग आमच्या सोसायटीत माझ्या बुलेटच्या टाकीवर उतरला, तेव्हा या सगळ्याकडे मी अधिक नीट बघायला लागले. दिवाळीच्या आधी कंपाउंडचं गेट आणि तळमजल्याच्या ग्रिल रंगवायला काढल्या होत्या. राखाडी ऑइल पेंट, आणि काम लवकर उरकावं म्हणून गन. गेट उभ्या गजांचं. गजांपेक्षा गजांमधली पोकळी जास्त. पोकळीवर मारलेला रंग पोकळीतून पलीकडेच जाणार, आणि पलीकडे पार्किंग होतं. वाऱ्याची दिशाही तीच होती.

टाकी काळी, तिच्यावर सोनेरी रेघा. लांबून काही कळत नव्हतं. झळाळी जरा मंद वाटली एवढंच. ते मी धुळीवर ढकललं असतं, पण सवयीने हात फिरवला आणि तळहाताखाली बारीक रवा पसरल्यासारखं लागलं. डोळ्यांना जे उशिरा कळतं ते बोटांना आधी कळतं. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की बोटाच्या टोकाला अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखता येतात. रंगाचा थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून टाकीवरून फिरवली तर आणखी स्पष्ट कळतं, कारण बोटाच्या कातडीचं घर्षण मध्ये येत नाही आणि फक्त खडबडीतपणा तेवढा पोचतो. गाड्या चकचकीत करून देणारे लोक ही युक्ती रोज वापरतात.

असं काही झालं की सल्ल्यांना तोटा नसतो. वॉचमनकाकांनी घासलेट सुचवलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी पेट्रोल. एका फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चाललं होतं, तिथल्या सुताराने थिनरची बाटलीच पुढे केली. कुणी दाढीचं ब्लेड आडवं धरून खरवडायला सांगितलं, कुणी टूथपेस्ट. यातला एकही सल्ला हवेतला नव्हता. प्रत्येकाने कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या रंगावर तो उपाय लागू पडलेला पाहिलेला होता. पण त्यांनी पाहिलेला रंग आणि माझ्या टाकीवरचा रंग एकाच जातीचे होते का, आणि त्या रंगाखाली काय होतं, हे कुणी विचारत नव्हतं. सगळी मेख तिथेच आहे. रंगावरून रंग काढायचा असतो. दोघेही राळेचेच बनलेले, दोघेही एकाच कुळातले; वरचा जावा आणि खालचा राहावा एवढं बारीक अंतर त्यांच्यात शोधायचं असतं.

भिंतीचा इमल्शन पाण्यातला. पाणी उडालं की त्यातले राळेचे कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तरी पहिल्या काही दिवसांत कोमट साबणपाण्याचा ओला फडका त्यावर ठेवून दिला तर तो फुगतो, सैल होतो आणि सोलवटतो. गेटांचा ऑइल पेंट वेगळा. त्यातलं टर्पेंटाइन उडालं की काही तासांत तो हाताला लागेनासा होतो खरा, पण त्याचं पक्कं होणं तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. हवेतला ऑक्सिजन ओढून घेत त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि हे कित्येक आठवडे चालतं. म्हणून ऑइल पेंटच्या शिंतोड्यांना उद्यावर टाकू नये. आज टर्पेंटाइनने पुसला जाणारा ठिपका महिन्याभराने पुसला जाईलच असं नाही. सुतारांचा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकर याच्या अगदी उलट. तो आपल्याच थिनरमध्ये केव्हाही विरघळतो, कितीही वर्षांनी. आणि गाड्यांचा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन (पीयू) रंग, एकदा घट्ट झाला की साध्या पुसण्याला दाद देत नाही. तो झिजवूनच काढावा लागतो.

कुठली जात आहे हे ओळखायला तर्क लढवायची गरज नव्हती. गेटपाशी जाऊन डबा वाचला. सिंथेटिक इनॅमल, म्हणजे ऑइल पेंटच. रंग मारणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणाला, पातळ करायला टर्पेंटाइन घातलंय, थिनर नाही. एवढ्या माहितीने निम्मं काम होतं. आणखी एक सोय असते तीही लक्षात घ्यावी: जो धूर टाकीवर बसला तोच आरशाच्या काचेवरही बसलेला असतो. काचेला बहुतेक काही होत नाही. कुठलाही उपाय आधी आरशाच्या काचेवर करून बघावा. तिथे ठिपका हललाच नाही, तर टाकीवर तो प्रयोग करण्यात अर्थ नाही.

ठिपक्यांतही फरक असतो. लांबून आलेला बारीक थेंब वाटेतच अर्धा सुकतो आणि टाकीवर नुसता येऊन टेकतो. जवळून आलेला मोठा थेंब ओला असतानाच पसरतो आणि टाकीला घट्ट धरतो. माझ्या टाकीवर गेटाकडच्या बाजूला दुसऱ्या प्रकारचे होते, सीटकडे पहिल्या प्रकारचे. एकाच टाकीला दोन वेगळे उपाय लागतात, हे त्यामुळे.

आता खाली काय आहे ते. टाकीचा पत्रा, त्यावर गंज न येण्यासाठी फॉस्फेटची प्रक्रिया, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हे सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरला तर दीड केसाएवढे. त्यातलं लॅकर अर्ध्याहून कमी. टाकीचं सगळं रूप, तिची खोली, उन्हापासून रंगाचं रक्षण, हे त्या अर्ध्या केसाएवढ्या थरावर अवलंबून आहे. रबिंग कंपाउंडने जोरात घासणारा माणूस त्याच थरातून घेत असतो. एकदा घासलं तर कळत नाही. दर वर्षी घासलं तर काही वर्षांनी लॅकर पापुद्र्यासारखं सुटायला लागतं, आणि तेव्हा लोक कंपनीच्या रंगाला नावं ठेवतात.

कारखान्यातून आलेला रंग भट्टीत भाजलेला असतो, लोखंडी भागांचा १४० अंशांच्या आसपास. तो टर्पेंटाइनच्या क्षणभर स्पर्शाला घाबरत नाही. पण गाडी जुनी असेल, मधे कधी गल्लीत फुल बॉडी कलर झालेला असेल, तर खाली एनसी असण्याची शक्यता मोठी. मग सुताराच्या थिनरने शिंतोडे जातात, त्यांच्याबरोबर टाकीचा रंगही जातो आणि प्रायमर उघडा पडतो. म्हणून सीट काढून टाकीच्या मागच्या, झाकल्या जाणाऱ्या कडेवर पांढऱ्या फडक्याने चाचणी घ्यावी. फडक्यावर टाकीचा रंग आला की थांबावं. नवीन गाडीवर चाचणी नाही केली तरी चालेल असं कुणी म्हणतात. मला ते पटत नाही. सेकंडहँड घेतलेल्या गाडीची टाकी कुणी कधी बदलली, कधी रंगवली, हे कागदपत्रांत लिहिलेलं नसतं.

आणि त्या सोनेरी रेघा. चेन्नईत तिरुवोत्तियुरला रॉयल एनफिल्डचा जुना कारखाना आहे. तिथे टाकीवरच्या रेघा हाताने मारायची परंपरा आहे. लांब केसांचा ब्रश, एक श्वास, आणि टाकीच्या वळणाबरोबर वळत गेलेली एक रेघ. खाली पट्टी नाही, टेप नाही. त्या रेघेची जाडी जवळून बघितली तर कुठेतरी किंचित बदलते. यंत्राने मारलेल्या रेघेत हे नसतं. माझ्या टाकीवरच्या रेघांशेजारीही राखाडी ठिपके पडले होते, आणि काही थेट रेघेवर.

नाना पेठेत ज्यांच्याकडे मी गाडी नेते ते चाचा या गल्लीत लहानपणापासून आहेत. त्यांनी टाकीला आधी हात लावला नाही. वाकून, डोकं टाकीच्या पातळीला आणून, दुकानाच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाकीत कसं पडतंय ते पाहिलं. प्रतिबिंबाची कड जिथे फाटलेली दिसते तिथे डस्ट. मग म्हणाले, "ताई, आधी ही रेघ कुठे बसलीय ते बघा. लॅकरच्या खाली असली तर बिनधास्त. वर असली तर तिकडे घाई नको." नखाची कड रेघेवरून हळूच आडवी नेली. नख अडखळलं. रेघ वर होती.

"पेट्रोलने पुसू का?" मी विचारलं.

"पेट्रोल टाकीच्या आत ठेवा," ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. कारखान्याचा रंग पेट्रोलच्या चार थेंबांना पुरून उरतो, पंपावर ते सांडतंच. पण बंदिस्त पार्किंगमध्ये पेट्रोलने भिजवलेला फडका घेऊन टाकी घासत बसणं ही वेगळी गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते आणि पसरत जाते. पार्किंगच्या भिंतीवर मीटरचे बोर्ड असतात, पंपाचं बटण असतं. शिवाय ते हाताच्या कातडीतून, नाकातून आत जातं, आणि त्यात बेन्झीन असतं. टर्पेंटाइनही पेटतंच, पण ते लागतं थोडं, उडतं सावकाश, आणि ऑइल पेंटचं ते मूळचं द्रावक असल्यामुळे घासावं लागत नाही.

काम मी सकाळी, सावलीत, इंजिन थंड असताना सुरू केलं. उन्हात तापलेल्या टाकीवर पाणी सुकतं, शाम्पू सुकतो, टर्पेंटाइन काम करायच्या आत उडून जातं. आधी भरपूर पाण्याने धुणं. धूळ टाकीवर असताना त्यावर काहीही घासलं तर धुळीचाच पॉलिश पेपर होतो. मग गेटाकडच्या बाजूचे ओले बसलेले ठिपके: हातात नायट्राइलचे मोजे, सुती मऊ फडक्याच्या टोकाला टर्पेंटाइन, ते ठिपक्यावर नुसतं टेकवून ठेवायचं, मनात दहा आकडे मोजायचे आणि एकाच दिशेला उचलून घ्यायचं. गोल गोल नाही. फडक्याचा तो भाग पुन्हा वापरायचा नाही, कारण निघालेला राखाडी रंग तिथे आहे आणि तो पुढच्या ठिपक्यापर्यंत पातळ होऊन पसरेल. मग लगेच शाम्पूच्या पाण्याने धुवून टाकायचं. निम्म्याहून अधिक ठिपके असेच गेले.

काळ्या प्लास्टिकला मात्र टर्पेंटाइन, थिनर काहीच लावलं नाही. आरशाची खोळ, इंडिकेटर, मीटरची काच हे एबीएस आणि पॉलिकार्बोनेटचे भाग. काही द्रावकांनी ते पांढुरके पडतात, आणि पॉलिकार्बोनेटला तर केसासारख्या बारीक चिरा जातात, ज्या लगेच दिसतही नाहीत. हेल्मेटची काच त्याच पदार्थाची, आणि पुष्कळ हेल्मेटांचं कवचही. हेल्मेट गाडीवर ठेवलेलं असताना त्याच्यावर शिंतोडे उडाले आणि कुणी ते थिनरने पुसलं, तर ते दिसायला स्वच्छ झालं तरी आतून कमजोर झालेलं असू शकतं. डोक्यावर घालायच्या वस्तूशी असा खेळ कुणी करू नये. तिथे साबणपाणी आणि नखाचा मऊ भाग, एवढंच.

उरलेल्या कोरड्या डस्टसाठी क्ले. आता तो ऑनलाइन सहज मिळतो, गाड्यांच्या डिटेलिंगच्या दुकानांतही असतो. दिसायला मातीच्या गोळ्यासारखा, पण माती नव्हे; लवचिक राळेत अतिशय बारीक अपघर्षक भुकटी मळलेली असते. जपानमधल्या तादाओ कोदाते यांनी तो घडवला आणि १९९०च्या दशकात त्याचं अमेरिकेत पेटंट घेतलं, लवचिक सहाणदगड अशा अर्थाच्या नावाने. हे नाव त्याचं काम फार नेमकं सांगतं. कडक सहाण सपाट पृष्ठभागालाही घासते आणि उंचवट्यालाही. हा गोळा मऊ असल्यामुळे पाण्याच्या थरावरून घसरत जातो. सपाट भागावर त्याचा दाब पसरतो आणि तिथे तो जवळजवळ काहीच करत नाही, पण वर आलेल्या ठिपक्याला तो अडतो आणि सगळा दाब त्या ठिपक्यावर येतो. ठिपका झिजतो किंवा उपटला जाऊन गोळ्यात रुततो. लॅकरचा पृष्ठभाग जिथे सुरू होतो तिथेच त्याचं काम संपतं. रंगावरून रंग काढण्यासाठी मी पाहिलेल्या साधनांत एवढा समजूतदार पदार्थ दुसरा नाही.

पण तो समजूतदार राहतो पाणी असेपर्यंतच. शाम्पूचं पाणी टाकीवर आणि गोळ्यावर सतत हवं. कोरडा झाला की तो चिकटतो, ओढला जातो आणि लॅकरवर माग सोडतो. बोटांच्या टोकांनी दाबायचा नाही. तळहाताखाली चपटा करून, गाडीवर वहीएवढा भाग ठरवून, सरळ रेषेत पुढे-मागे. सुरुवातीला त्याचा आवाज येतो, अगदी हलका, खरखर असा. हळूहळू आवाज कमी होतो आणि मग हाताखाली काही नसल्यासारखं होतं. तो क्षण ओळखायचा आणि थांबायचं; त्यापुढे घासलेला प्रत्येक फेरा लॅकरचा. गोळा उलटून पाहिला तर राखाडी झालेला असतो. तो मळून आतली स्वच्छ बाजू वर घ्यायची. आणि जमिनीवर पडला तर, कितीही महाग असला तरी, टाकून द्यायचा. पार्किंगच्या फरशीवरचे वाळूचे कण त्यात रुतलेले असतात आणि ते कितीही मळले तरी जात नाहीत.

काळ्या रंगावर क्लेने तरीही फार बारीक रेघोट्या उमटतात, उन्हात तिरक्या नजरेने पाहिल्या तर दिसणाऱ्या. त्यासाठी नंतर पॉलिशचा, कंपाउंडचा नव्हे, हलका हात द्यावा, आणि मग मेण. मेण चाकाच्या डिस्कवर आणि टायरवर उडू देऊ नये. ब्रेकच्या डिस्कवर मेणाचा पातळ थर बसला तर गाडी चकचकीत दिसेल आणि पहिल्या चौकात थांबणार नाही. मी डिस्कवर आधीच जुना टॉवेल बांधून ठेवते.

माझ्या भाच्याची गाडी मॅट रंगाची आहे आणि तीही त्याच पार्किंगमध्ये उभी होती. त्याने माझं काम पाहून क्ले मागितला. मी दिला नाही. मॅट रंगाचं रूप त्याच्या लॅकरच्या सूक्ष्म खडबडीतपणातच असतं. उजेड त्यावर विखुरतो म्हणून तो मंद दिसतो. क्ले, पॉलिश, मेण, यांतलं काहीही त्यावर घासलं की तो खडबडीतपणा सपाट होतो आणि चकाकणारा डाग पडतो, जो पुन्हा मॅट करता येत नाही. तिथे फक्त भिजवणं आणि उचलणं, घासणं नाही. त्याच्या टाकीचे ठिपके टर्पेंटाइनने टेकवून-टेकवून काढायला माझ्या टाकीपेक्षा जास्त वेळ गेला. तो वैतागला, पण बसला.

रेघेवरचे ठिपके राहिले. रेघेलगतचे मी क्लेच्या टोकाने, रेघेला समांतर हात ठेवून काढले. थेट रेघेवरचे काढले नाहीत. चाचांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, काढता येतील, पण सोनेरी रंग किती जाईल ते सांगता येणार नाही, आणि रेघ पुन्हा मारली तर ती त्यांच्या हाताची असेल. त्यांचा हात उत्तम आहे. तरी मी ते ठिपके राहू दिले. तिरुवोत्तियुरमध्ये कुणीतरी एका श्वासात मारलेली रेघ, तिच्यावर पुण्याच्या गेटाचे दोन-चार कण. त्यांतली रेघ जपायची आहे.

चाचांच्या दुकानात त्या दिवशी मी बराच वेळ बसले होते. ते मधूनमधून खोकत होते. हिवाळ्यात रात्री छातीत घरघर होते, म्हणाले. त्यांनी उमेदीची वर्षं टू-के मारण्यात काढली, नाकावर ओला रुमाल बांधून. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. रंगकाम करणाऱ्यांना होणाऱ्या दम्याचं ते जगभर ओळखलं गेलेलं कारण आहे. त्यांचा वास घातक प्रमाणातही येत नाही, म्हणजे नाक सावध करत नाही; आणि एकदा शरीराने त्यांच्याशी वैर धरलं की मग अगदी थोडा अंशही श्वास कोंडायला पुरतो. ओल्या रुमालाने ते अडत नाहीत. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि रंगाचा धूर खेचून घेणारा बूथ. कारखान्यांत हे असतं. गल्लीत आठ बाय दहाच्या गाळ्यात नसतं.

फवाऱ्याची गन मुळात घशासाठी जन्मली. अमेरिकेत ओहायोमधल्या टोलेडो गावी अॅलन डेव्हिलबिस नावाचे एक डॉक्टर होते. रुग्णाच्या सुजलेल्या घशापर्यंत औषध पोचावं म्हणून त्यांनी १८८०च्या दशकात रबरी फुग्याची फवारणी बनवली. त्यांच्या मुलाने, थॉमसने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच तत्त्व रंगाला लावलं. मग ड्यूपाँचा ड्यूको आला. आमचे सुतार आजही चकचकीत लॅकरच्या फर्निचरला ड्यूको म्हणतात, तो हाच. १९२४च्या ओकलंड मोटारींवर तो मारला गेला आणि जिथे एका गाडीचा रंग वाळायला आठवडे जात तिथे ते काम तासांत यायला लागलं. ब्रशने तो नीट मारता येत नाही, फार लवकर सुकतो. त्याला गनच हवी. गनशिवाय रस्त्यावरच्या गाड्या आज आहेत तशा दिसल्याच नसत्या. मला त्या गनबद्दल कृतज्ञता आहे आणि चाचांच्या खोकल्याबद्दल राग आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रातून येतात हे मला कुठेच ठेवता येत नाही. टाकीवरून मी जे कण उचलत होते त्यांच्यासाठी टर्पेंटाइन होतं, क्ले होता, सावली होती, वेळ होता. आत गेलेल्या कणांसाठी असं काहीच नसतं. चाचांच्या मुलाने आता हार्डनरचं सगळं काम बूथ असलेल्या दुकानात पाठवायला लावलं आहे; चाचा टचिंग आणि रेघा तेवढ्या करतात.

घरी परतले तर गेटापाशी तो मुलगा पुन्हा गन जोडत होता. ऑइल पेंटमध्ये आयसोसायनेट नसतात, पण टर्पेंटाइनची वाफ आणि रंगाची डस्ट असतेच, आणि त्याच्या नाकावरही रुमालच होता. पापण्या राखाडी. दुसरा हात बाकी होता. मी सेक्रेटरींना खाली बोलावलं आणि त्यांना गेटामागची फरशी दाखवली: गजांच्या सावलीसारखे पट्टे सोडून सगळीकडे राखाडी झाक होती. आपण विकत घेतलेल्या रंगापैकी किती गेटवर आहे आणि किती फरशीवर, ते तुम्हीच बघा, म्हटलं. गजाला ब्रशने रंग मारला तर तो जवळजवळ सगळा गजावरच राहतो. कंत्राटदार फोनवर म्हणाला, ब्रशने वेळ जास्त लागेल. सेक्रेटरी म्हणाले, लागू दे, डबे कमी लागतील. तो हिशेब त्याला पटला.

मुलाला विचारलं, तुला चालेल का ब्रशने? त्याने रुमाल खाली ओढला. "चालेल की. पण काकू, हा चार इंची नको, दीड इंची द्या. गजाला तोच बरा पडतो."